कॉलेजचें नाटक गांवच्या चावडीपुढें केव्हां येणार?

पावसाळा अर्धा सरला कीं कॉलेजांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वर्गाबाहेरच्या पडवींत, जिन्याखालीं, सायकलींच्या छपराखालीं तालमी चालतात. मुलांचे घसे बसतात. ऑगस्ट-सप्टेंबरांत स्पर्धांचे पडदे वर जातात, आणि कोणाच्या पदरीं करंडक, कोणाच्या पदरीं प्रमाणपत्र, कोणाच्या पदरीं नुसता हिरमोड टाकून हा हंगाम आटोपतो. पुढें विद्यापीठाचा युवक महोत्सव, मग स्नेहसंमेलन, कीं संपलें वर्षाचें नाटक. या सर्व धामधुमींत एक प्रश्न कोणी विचारीत नाहीं, तो आम्हांस विचारावयाचा आहे. हीं नाटकें करणारीं पुष्कळ मुलें आज खेड्यांतून आलेलीं आहेत. त्यांच्या खेड्यांनीं हीं नाटकें कधीं पाहिलीं आहेत काय?

उत्तर सर्वांस ठाऊक आहे. मुलगा शहरांत नाटक करतो एवढें बापाच्या कानावर येतें, आणि तेंही बहुधा तक्रारीच्या सुरांत येतें. मुलगी नाटक करते हें कानावर आलें तर पुढच्या वर्षीं तिचें नांव कॉलेजांतून निघण्याची धास्ती. जें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं त्याविषयीं माणूस वाईटच कल्पितो. याचा दोष आम्ही अडाणी बापास देत नाहीं. ज्यानें त्याला दाखविलें नाहीं त्याला देतों.

हें असें कां झालें हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

कॉलेजांतील नाटक ही वस्तु आमच्याकडे इंग्रजी विद्येबरोबर आली. गेल्याच्या मागल्या शतकांत, १८६० नंतरच्या दशकांत, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं शेक्सपिअरचीं नाटकें इंग्रजींत केलीं. पाहणारे कोण? साहेब, साहेबांचे स्नेही आणि इंग्रजी समजणारे चार शहाणे. मुलगा साहेबासारखें बोलतो कीं नाहीं, त्याची मान नीट वळते कीं नाहीं, हें पाहण्याची ती एक प्रकारची परीक्षाच होती. कॉलेजच्या नाटकाला पहिल्या दिवसापासून परीक्षकाची संवय लागली, ती अशी. समोर बसलेला तो प्रेक्षक नव्हे, गुण देणारा आहे, ही समजूत तेव्हां रुजली आणि अद्याप गेलेली नाहीं.

परंतु नाटकाची दुसरी एक वाट त्याच्याही आधीं आंखली गेली होती. १८५५ सालीं जोतीराव फुल्यांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें. एक कुणबी, त्याची गरोदर बायको, त्यांना ग्रहदशेच्या भयानें नागविणारा जोशी, आणि मधून मधून खरें तें बोलणारा विदूषक. शेवटीं नवराबायको शिकावयास जाण्याचा निश्चय करतात. ज्याला अक्षर येत नाहीं त्याला अक्षराचें महत्त्व पुस्तकानें कसें सांगणार? तें नाटकानेंच सांगावें लागतें, हें जोतीरावांनीं ओळखलें. त्यांनीं तें नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. कमिटींतील भटजींच्या आग्रहापुढें तें नापसंत झालें, असें त्यांनीं पुढें १८७३ च्या 'गुलामगिरीं'त स्वतःच लिहून ठेविलें आहे. हें नाटक छापून लोकांच्या हातीं पडावयास १९७९ साल उजाडलें. म्हणजे एकशें चोवीस वर्षें! परीक्षकांनीं नापास केलेल्या नाटकाला दुसरा प्रेक्षक मिळाला नाहीं म्हणजे काय होतें, याचें याहून मोठें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

तें नाटक छापलें गेलें नाहीं तरी त्यामागचा विचार मेला नाहीं. सत्यशोधक जलसे गांवोगांव फिरले. पुढें आंबेडकरी जलसे फिरले. अण्णा भाऊ साठ्यांचीं लोकनाट्यें गिरणगांवांत आणि मैदानांत झालीं. त्यांना ना थिएटर लागलें, ना पडदा. ढोलकी, डफ, तुणतुणें, गॅसबत्ती आणि समोर बसलेलीं माणसें, एवढ्यावर त्यांनीं काम केलें.

या दोन वाटा, एक कॉलेजची आणि एक लोकांची, आमच्या मराठवाड्यांत एका ठिकाणीं एकत्र आल्या. तें ठिकाण म्हणजे औरंगाबादचें, आजच्या छत्रपति संभाजीनगरचें, मिलिंद महाविद्यालय.

निजामाची राजवट १९४८ सालीं संपली तेव्हां या मुलखाचें शिक्षणांत काय दैन्य होतें तें जुनीं माणसें सांगत असत. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज उघडलें, आणि १९५० सालीं ते पुण्यास किंवा नागपुरास न जातां औरंगाबादेस आले. १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसली. जिथें चांगली शाळा मिळण्याची मारामार, त्या मुलखांत कॉलेज! आणि त्या कॉलेजांत पहिल्या पांच-सहा वर्षांतच नाटक उभें राहिलें, ही गोष्ट आमच्या विद्वानांनीं म्हणावी तशी ध्यानांत घेतलेली नाहीं.

त्या महाविद्यालयाचे म. भि. चिटणीस यांनीं 'युगयात्रा' नांवाचें नाटक लिहिलें आणि १९५५ च्या सुमारास मिलिंदच्या विद्यार्थ्यांनीं तें रंगभूमीवर आणलें. पुराणकाळापासून बाबासाहेबांच्या काळापर्यंत अस्पृश्यांनीं जें सोसलें त्याची ती यात्रा. करणारीं मुलें कोण होतीं? ज्यांच्या वाडवडिलांनीं तें सोसलें त्यांचींच. पुढें १९५६ च्या ऑक्टोबरांत, धम्मदीक्षेच्या वेळीं, नागपुरास लाखोंच्या समुदायापुढें या नाटकाचा प्रयोग झाला. वाचकहो, क्षणभर थांबून याचा विचार करा. एका नव्या कॉलेजचें नाटक, नट विद्यार्थी, आणि समोर अथांग पसरलेली जनता! त्या समुदायांत अक्षर येणारे थोडे आणि न येणारे फार. परंतु नाटक कळलें नाहीं असा एकहि नसेल, कारण गोष्ट त्यांचीच होती. त्या प्रयोगाला गुण कोणी दिले? कोणीही नाहीं. करंडक कोणता मिळाला? कोणताही नाहीं. तरीही मराठी दलित रंगभूमीचा इतिहास सांगणारे लोक आज सत्तर वर्षांनंतरही 'युगयात्रे'चें नांव आरंभीं घेतात.

मिलिंदच्या त्या मातींत पुढें पुष्कळ उगवलें. तेथले प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांचें 'अस्मितादर्श' त्रैमासिक त्याच परिसरांत वाढलें. नाटकाच्या क्षेत्रांत मराठवाड्यानें दत्ता भगतांसारखा नाटककार दिला, विदर्भानें प्रेमानंद गज्वी दिले. गज्वींची १९७७ सालची 'घोटभर पाणी' ही एकांकिका घ्या. फार नट नकोत, नेपथ्याचा भपका नको. गांवच्या पाण्यासारखा साधा विषय. आणि ती महाराष्ट्रभर झाली, परभाषांतही गेली. जें थोडक्यांत होतें तें दूर जातें, हा व्यवहार त्या एकांकिकेनें सिद्ध केला.

मग मध्येंच ही वाट मोडली कोठें?

आम्ही स्पर्धांना नांवें ठेवीत नाहीं, हें आधींच सांगतों. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेनें १९६३ सालीं पुरुषोत्तम करंडक सुरू केला आणि भरत नाट्य मंदिरांत दरवर्षीं तो नेमानें चालविला. भपक्यापेक्षां लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांस तेथें मान दिला, मुलांना वेळेची शिस्त लाविली. जब्बार पटेल, मोहन आगाशे हे वैद्यकीचे विद्यार्थी कॉलेजच्या याच नाटकांतून पुढें आले. मुंबईस चतुरंगची 'सवाई' २५ जानेवारीच्या रात्रीं होते आणि मुलें पहांटेपर्यंत जागतात. ज्या वयांत मुलें भलत्या नादीं लागावयाचीं, त्या वयांत तीं नाटकासाठीं रात्र जागवितात. याला वाईट कोण म्हणेल? आम्ही तरी म्हणणार नाहीं.

आमचें म्हणणें निराळें आहे. स्पर्धा ही नाटकाची सुरुवात असावी. ती त्याचा शेवट होऊन बसली आहे. सहा-सात आठवडे खपून बसविलेली एकांकिका पाऊण तास होते, फार तर अंतिम फेरींत पुन्हां एकदां होते, आणि मग सामान परत, कपडे परत, मुलें परीक्षेला. शेतकरी सहा-सात आठवडे राबून एकच कणीस घरीं नेता तर आपण त्याला काय म्हटलें असतें?

आणि परीक्षक हाच एकुलता एक प्रेक्षक झाला म्हणजे काय होतें तेंही पहा. २०२२ सालीं पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनीं एकही एकांकिका करंडकास पात्र ठरविली नाहीं. त्यावर मोठी चर्चा झाली. कोणी परीक्षकांचा कठोरपणा योग्य म्हटला, कोणी मुलांवर अन्याय म्हटला. आम्हीं त्या एकांकिका पाहिलेल्या नाहींत, म्हणून त्या वादांत पडत नाहीं. परंतु एक गोष्ट त्या वादांत कोणी बोललें नाहीं. त्या एकांकिकांचे जर दहा-दहा प्रयोग दहा गांवांत झाले असते, तर परीक्षकांचें मत हें अनेक मतांपैकीं एक झालें असतें. मुलांनीं तें ऐकलें असतें, त्यांतलें घ्यावयाचें तें घेतलें असतें आणि अकरावा प्रयोग लाविला असता. दुसरा प्रेक्षक नसल्यामुळें निकाल हाच मृत्युलेख ठरला.

आतां आमच्या भागांतली गोष्ट सांगतों. मी बालाघाटच्या डोंगरांतल्या एका लहान गांवीं प्राथमिक शिक्षक आहें. आमच्या गांवचीं निम्म्याहून अधिक घरें दसरा-दिवाळी झाली कीं कुलपें लावून ऊंस तोडावयास जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. माझ्याकडे शिकलेला एक मुलगा तालुक्याच्या ठिकाणीं कॉलेजांत गेला. त्याच्या कॉलेजनें एके वर्षीं ऊंसतोड्यांवर एकांकिका बसविली. मुकादम, उचल, फडावरचें बाळंतपण, सर्व कांहीं तींत होतें. मुलाला मुख्य काम मिळालें. एकांकिका शहरांत एकदां झाली, बक्षीसहि मिळालें. मीं कॉलेजास लिहिलें कीं हें नाटक आमच्या शाळेंत करावें, जेवणाची सोय आम्ही करूं. उत्तर आलें कीं, नाटक स्पर्धेपुरतें होतें, सामान परत केलें आहे, गाडीखर्चास तरतूद नाहीं.

तेव्हां तीं पोरें आपल्याआपण आलीं. अकरांपैकीं सातच आलीं. दोन मुलींना घरून परवानगी मिळाली नाहीं. संध्याकाळीं शाळेच्या ओसरीवर, दोन दिव्यांच्या उजेडांत त्यांनीं तें नाटक केलें. पाऊस लागला तेव्हां माणसें पत्र्याखालीं सरकून बसलीं. मध्येंच मुलाचा बाप उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आरं बाळा, कोयता आसा धरीत नस्त्यात, बोटं जातील की!" पोरगा थांबला. बापानें पुढें होऊन त्याच्या हातांत कोयता नीट दिला, बुडापाशीं वांकून कसा मारावयाचा तें दाखविलें, आणि खालीं बसून म्हणाला, "हां, आता बोला." कोणी हंसलें नाहीं. पुढें बाळंतपणाचा प्रसंग आला तेव्हां मागच्या बाजूस बसलेल्या बायकांनीं पदर तोंडाला लाविले. नाटक संपल्यावर एक म्हातारी उठून गेली ती त्या काम करणाऱ्या पोरीपाशीं, आणि तिला एवढेंच म्हणाली, "बाई, खरं केलंस."

त्या पोरीला शहरांत परीक्षकांनीं किती गुण दिले तें मला ठाऊक नाहीं. परंतु पुढच्या वर्षीं आमच्या गांवची एक मुलगी कॉलेजच्या नाटकांत गेली आणि तिच्या बापानें तिला अडविलें नाहीं, हें मला पक्कें ठाऊक आहे. शिक्षक या नात्यानें माझा हिशेब एवढाच आहे. घरावर गहाणखत असो वा नसो, मुलगी कॉलेजांत टिकते कीं नाहीं हें पुष्कळदां अशा लहान गोष्टींवर ठरतें. गांवानें नाटक पाहिलें तर नाटक करणारी मुलगी गांवाची लेक राहते. न पाहिलें तर ती अफवा होते.

आणि हंगामाचा योग कसा आहे तो पहा! स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरांत. ऊंसतोड्या माणूस त्याच महिन्यांत गांवीं असतो. पोळा झालेला असतो, खुरपणी उरकत आलेली असते, कोयता अजून खुंटीला असतो. म्हणजे ज्या आठवड्यांत त्याची गोष्ट शहरांतल्या रंगमंचावर चालू असते, त्याच आठवड्यांत तो तिच्यापासून पन्नास-साठ मैलांवर चावडीपुढें रिकामा बसलेला असतो. त्यानें कारखान्याची वाट धरल्यावर मग आम्ही त्याच्यासाठीं नाटक न्यावयाचें म्हटलें तर कोठें नेणार?

आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला, पैसा नाहीं. स्नेहसंमेलनाच्या एका रात्रींत मंडप आणि ध्वनिक्षेपक यांवर जें उडतें, त्यांत तीन गांवांचे प्रयोग होतील. गणेशोत्सवांत आणि नवरात्रांत गांवचीं मंडळें छाती धडधडविणाऱ्या भिंतींवर जें उधळतात, त्यांतली एक रात्र नाटकाला दिली तर गांवाचेही कान वांचतील. दुसरा आक्षेप, सोय नाहीं. 'घोटभर पाणी' कशावर झाली? जलसे कशावर झाले? ज्या नाटकाला फिरते दिवे आणि ट्रकभर सामान नसलें तर अर्थच उरत नाहीं, त्यांत मुळांतच कांहीं कमी आहे असें समजावें. तिसरा आक्षेप, परवानगी. स्पर्धेसाठीं संहितेचें प्रमाणपत्र आणि लेखकाची संमति घ्यावी लागतेच. तीच कागदपत्रें बरोबर घ्या, ग्रामपंचायतीस आणि पोलीसपाटलास आधीं कळवा. चौथा आक्षेप मुलींचा. त्यांच्याबरोबर शिक्षिका द्या, प्रयोग दिवेलागणीस करा, रात्रीं नऊच्या आंत गाडी परत लावा. इच्छा असेल त्याला यांतलें कांहींच कठीण नाहीं.

पांचवा आक्षेप मात्र कोणी उघड बोलत नाहीं, आणि खरा तोच आहे. गांवाला हें नाटक कळणार नाहीं, असें शहरांतल्या शहाण्यांस मनांतून वाटतें. त्यांना आम्ही एवढेंच विचारतों: नागपुरच्या मैदानांत जे बसले होते ते कोणत्या कॉलेजचे पदवीधर होते? तमाशांतल्या वगाच्या कोट्या, भारुडांतलें रूपक, कीर्तनांतला पूर्वरंग हें सारें पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कळत आलें त्यांना पाऊण तासाची एकांकिका कळणार नाहीं? न कळली तर त्यांना विचारा, तुमच्या नाटकांत कोयता कोठें वांकडा धरला आहे तें ते सांगतील.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कॉलेजनें स्पर्धेंत उतरविलेल्या एकांकिकेचे, नट ज्या गांवांतून आले त्यांपैकीं तीन गांवांत, दसऱ्यापूर्वीं तीन प्रयोग करावे. प्राचार्यांनीं त्यासाठीं वर्षाच्या आरंभींच थोडी रक्कम बाजूस काढावी. स्पर्धा भरविणाऱ्या संस्थांनीं पुढच्या वर्षींच्या प्रवेशपत्रिकेंत 'गेल्या वर्षींच्या एकांकिकेचे किती प्रयोग कोठें केले' असा एक रकाना घालावा. कोणास बाद करूं नये, फक्त विचारावें. विचारणाऱ्याची लाज मोठी असते. विद्यार्थ्यांनीं एकांकिका निवडतांनाच ती ओसरीवर होईल कीं नाहीं याचा विचार करावा. आणि माझ्या शिक्षकबंधूंनीं शाळेची ओसरी झाडून ठेवावी, दोन दिवे जास्त लावावे, गांवांत दवंडी द्यावी. एवढें काम आपल्या हातचें आहे. त्याला वरून हुकूम येण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

जोतीरावांनीं विद्येला तिसरा डोळा म्हटलें. तो डोळा कॉलेजांत मिळतो अशी आमच्या गरीब मायबापांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेपायीं ते उचल घेतात, शेत गहाण टाकतात आणि पोराला शहरांत धाडतात. त्या पोरानें तिथें जें पाहिलें तें एकदां गांवाला दाखवावें, हें कांहीं दान नव्हे. तें देणें आहे, आणि यंदाच्या दसऱ्याला अजून वेळ आहे.

— एक खेडवळ शिक्षक